जुन्या कमारो-शेव्हेलमध्ये एलएस इंजिन बसवताना

एलएस, म्हणजे जनरल मोटर्सच्या (जीएमच्या) नव्या व्ही८ इंजिनांचे घराणे, बसवायला घेतलेली जुनी गाडी महिनोन्‌महिने स्टँडवर अडकून राहते, ती बहुतेक वेळा इंजिनामुळे नाही. इंजिन चालतेच. अडते ते त्याच्या आजूबाजूला. ऑइल पॅन क्रॉसमेंबरवर, म्हणजे चॅसीच्या आडव्या तुळईवर, टेकतो. पॅन बदलला की हेडर (हेडमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) स्टिअरिंगच्या दांड्याला घासतो. हेडर बदलला की स्टार्टरला जागा उरत नाही. जिथे जे स्वस्त मिळाले ते गोळा करत गेले की हे ठरलेले. म्हणून इंजिन माउंट, ऑइल पॅन, हेडर आणि गिअरबॉक्सचा क्रॉसमेंबर हे चार भाग एकाच कंपनीचे, तुमच्या चॅसीवर एकत्र बसवून पाहिलेले घ्या. काटकसर इंजिनावर करता येते, या चार भागांवर करू नये.

खालचे तपशील मुख्यतः शेवरोलेची १९६७ ते ६९ ची कमारो आणि १९६८ ते ७२ ची शेव्हेल धरून आहेत. फोर्ड आणि मोपारचे (क्रायस्लर-डॉज घराण्यातल्या गाड्यांचे) वेगळे मुद्दे पुढे येतात. डावी बाजू म्हणजे ड्रायव्हरची.

कोणते इंजिन उचलायचे

एलएस१ हे ५.७ लिटरचे अ‍ॅल्युमिनियम इंजिन १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आले. १९९९ पासून त्याच घराण्यातली ४.८, ५.३ आणि ६.० लिटरची इंजिने शेवरोले-जीएमसीच्या ट्रकांत बसू लागली, आणि भंगार यार्डात आज जी मिळतात ती बहुतेक हीच. ट्रकांचे ब्लॉक बहुधा बिडाचे असतात. अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकपेक्षा ते ७५ ते १०० पौंड जड पडतात, पण शेवरोलेच्या जुन्या बिडाच्या व्ही८ च्या, म्हणजे स्मॉल ब्लॉकच्या, जागी बसवल्यावर गाडीला फरक जाणवत नाही. रस्त्यावर चालवायच्या गाडीला ५.३ पुरते. ६.० मिळाले तर उत्तम, पण केवळ ते मिळावे म्हणून थांबून राहण्यात अर्थ नाही.

विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नका. ज्या गाडीतून इंजिन काढले तिच्या व्हिनचा (गाडीच्या ओळख क्रमांकाचा) आठवा अक्षर-अंक पाहा: व्ही म्हणजे ४.८ (एलआर४), टी म्हणजे ५.३ (एलएम७), यू म्हणजे ६.० (एलक्यू४), एन म्हणजे एलक्यू९, आणि बी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकचे ५.३ (एल३३). ४.८ आणि ५.३ यांचा बिडाचा ब्लॉक एकच, ९६ मिमी बोअरचा. फरक स्ट्रोकचा आहे, ८३ आणि ९२ मिमी. त्यामुळे बाहेरून पाहून ही दोन्ही ओळखता येत नाहीत. स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला तर ४.८ चे पिस्टन सपाट दिसतात, एलएम७ चे मध्ये खोलगट.

तिसरी पिढी की चौथी, हे मात्र नक्की माहीत हवे, कारण वायरिंग आणि कॉम्प्युटर त्यावर ठरतात. तिसऱ्या पिढीत नॉक सेन्सर इनटेकखाली व्हॅलीत (सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खोलगट जागेत) असतात, कॅम सेन्सर मागे असतो आणि क्रँकच्या रिलक्टर चाकाला, म्हणजे सेन्सर ज्याचे दाते मोजतो त्या चाकाला, २४ दाते असतात. चौथ्या पिढीत नॉक सेन्सर ब्लॉकच्या बाजूंना, कॅम सेन्सर पुढच्या कव्हरवर आणि दाते बहुतेकांत ५८. सरमिसळ केली की कॉम्प्युटरला सिग्नलच कळत नाही. स्टार्टर फिरतो, इंजिन चालू होत नाही.

चौथ्या पिढीच्या अनेक इंजिनांत हलक्या लोडवर चार सिलिंडर बंद करणारी यंत्रणा असते. तिचे लिफ्टर (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे पोचवणारे भाग) अडकतात आणि अडकलेला लिफ्टर कॅम खातो. इंजिन बाहेर असतानाच साधे लिफ्टर, त्यांचे ट्रे, साधा कॅम आणि व्हॅली कव्हर बदलून घ्या. या कामाला हेड उतरवावेच लागतात. यंत्रणा फक्त ट्यूनमधून, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममधून, बंद केली तर ती चालायची थांबते, पण कमजोर लिफ्टर आत तसेच राहतात.

तिसऱ्या पिढीत इनटेक काढाच. नॉक सेन्सरच्या खळग्यात पाणी साचून ते गंजतात. दोन्ही नवे टाका आणि रबरी झाकणांभोवती सिलिकॉनची वळी ओढा, पण मागच्या बाजूला बारीक फट सोडा, म्हणजे आत गेलेले पाणी बाहेर पडेल.

ऑइल पॅन, आणि त्याबरोबर येणारे संकट

ट्रकचा पॅन फार खोल असतो. कमारो-शेव्हेलमध्ये तो लावला तर गाडीच्या पोटाखालची सगळ्यात खालची वस्तू तोच होतो, आणि पहिल्या उंच गतिरोधकावर फुटतो. जुन्या चॅसीसाठी बनवलेला ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा पॅन घ्या; होलीसह काही कंपन्या बनवतात. १९९८ ते २००२ च्या कमारोचा मूळ पॅनही पुष्कळ जण वापरतात, पण त्यासोबत कोणते माउंट घेता त्यावर तो क्रॉसमेंबरला लागेल की नाही हे ठरते. या दोन्ही गाड्यांत स्टिअरिंगची सेंटर लिंक क्रॉसमेंबरच्या मागे, पॅनच्या पोटाखालून फिरते. म्हणून चाके दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून, जॅकने सस्पेन्शन वर-खाली करून फट मोजा. चाके सरळ असताना दिसणारी फट खरी मानू नका.

पॅन बदलताना ऑइल पिकअपची, म्हणजे पॅनमधले तेल पंपाकडे नेणारी, नळी बदलते, आणि अनेक चांगली इंजिने इथेच मरतात. नळी पंपात शिरते तिथे एक ओ-रिंग असते. ती वेगवेगळ्या जाडीची येते आणि नळीच्या टोकाच्या घडणीनुसार निवडायची असते. चुकीची बसली किंवा बसवताना चिरली तर पंप तेलाऐवजी हवा ओढतो. थंड इंजिनात दाब ठीक दिसतो, गरम झाले की आयडलला कोसळतो, आणि माणूस बेअरिंगांना दोष देत बसतो. ओ-रिंगला तेल लावा, नळी सरळ आत ढकला, बोल्टने ओढून बसवू नका. बोल्टला १०६ पौंड-इंच टॉर्क.

मागचे कव्हर काढले असेल तर ऑइल गॅलरीतला डंबेलच्या आकाराचा प्लग आणि त्याची ओ-रिंग परत बसवली का, ते पाहा. ब्लॉक धुवायला दिला की तो हमखास गहाळ होतो, आणि मग तेल फिल्टरला वळसा घालून जाते.

एलएसचा पॅन नुसते तेलाचे भांडे नाही. त्याची मागची बाजू बेल हाउसिंगला (गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या कवचाला) बोल्टने जोडलेली असते. पॅन ब्लॉकच्या मागच्या पृष्ठाबाहेर किंचितही आला तर बेल हाउसिंगच्या बोल्टांनी तो तडकतो. सरळ पट्टी आडवी धरून दोन्ही पृष्ठे जुळवा आणि मगच आवळा. मोठ्या बोल्टांना १८ पौंड-फूट, मागच्या छोट्यांना १०६ पौंड-इंच. पुढची-मागची कव्हरे ब्लॉकला मिळतात त्या चारही कोपऱ्यांत सिलिकॉनचा थेंब हवाच.

माउंट आणि कोन

जुन्या स्मॉल ब्लॉकला प्रत्येक बाजूला तीन बोल्टांचा माउंट असतो, एलएसला चार बोल्टांचा. मधली अ‍ॅडॉप्टर प्लेट हा फरक मिटवते आणि इंजिन पुढे की मागे हेही तीच ठरवते. इंजिन मागे घेतले तर पुढे पंख्याला जागा मिळते, पण हेड आणि कॉइल फायरवॉलला लागतात, मागचे बोल्ट पान्याला सापडत नाहीत. पुढे घेतले तर पॅन क्रॉसमेंबरवर येतो. पॅन ज्या प्लेटसोबत तपासला आहे तीच प्लेट लावा, हाच सरळ उपाय.

हेडर, पॅन, स्टार्टर आणि स्टिअरिंग शाफ्ट लावून इंजिन-गिअरबॉक्स एकदा कोरडे बसवून पाहा. रंगकाम त्यानंतर. इंजिन मागच्या बाजूला साधारण ३ अंश खाली झुकलेले असावे. मागच्या अ‍ॅक्सलचा पिनियन (प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडतो तो दांडा) तितकाच वर, म्हणजे दोन्ही शाफ्ट समांतर, आणि प्रत्येक यू-जॉइंटला १ ते ३ अंशांचा कोन. हे माप गाडी चाकांवर उभी असताना घ्या. अ‍ॅक्सल लोंबकळत असताना घेतलेल्या मापावर प्रोपेलर शाफ्ट कापला तर ताशी ६० मैलांवर गाडी थरथरते आणि माणूस टायर बदलत राहतो. स्लिप योक (शाफ्टचे गिअरबॉक्सात सरकणारे टोक) पूर्ण आत ढकलून, मग सुमारे एक इंच बाहेर ओढून शाफ्टची लांबी मोजा.

गिअरबॉक्स

जीएमचे जुने ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टीएच३५०, टीएच४०० आणि ७००आर४ एलएसला बोल्टांनी लागतात. एका बोल्टाचे भोक जुळत नाही, त्याने काही बिघडत नाही. बिघडते ते क्रँकपाशी. एलएसच्या क्रँकची फ्लँज जुन्या स्मॉल ब्लॉकपेक्षा ०.४०० इंच आत असते. जुना टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) वापरायचा तर मध्ये त्याच जाडीचा स्पेसर आणि क्रँकला कन्व्हर्टर जोडणारी सपाट फ्लेक्सप्लेट लागते. १९९९-२००० ची काही ६.० इंजिने लांब फ्लँजची असतात, त्यांना स्पेसर लागत नाही. म्हणून आधी मोजा.

गिअरबॉक्स इंजिनाला लावल्यावर, बोल्ट आवळण्याआधी, कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि त्याच्या व फ्लेक्सप्लेटच्या मध्ये १/८ ते ३/१६ इंच फट हवी. फट नसेल तर कन्व्हर्टर पंपात पूर्ण शिरलेला नाही. अशा वेळी बोल्टांनी ओढून बसवले तर गिअरबॉक्सचा पंप पहिल्याच स्टार्टला फुटतो.

ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचा वेग कमी ठेवणारा वरचा गिअर असलेला गिअरबॉक्स, घ्या असा सल्ला आहे, आणि त्यामागे हिशेब आहे. २६ इंची टायर आणि ३.७३ चा अ‍ॅक्सल असेल तर ताशी ७० मैलांवर टीएच३५० मध्ये इंजिन सुमारे ३,३७० आरपीएमवर ओरडते. ४एल६०ई चा चौथा गिअर ०.७० चा, त्यात तेच २,३६० वर येते. ४एल८०ई जास्त दणकट, चौथा ०.७५ चा, पण अंगाने मोठा. कमारोचा बोगदा हातोड्याने किंवा कापून वाढवावा लागतो. टी५६ मॅन्युअललाही बोगदा कापावाच लागतो. ७००आर४ घेतला तर थ्रॉटलपासून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबलचा कोन बरोबर करणारा ब्रॅकेट लावल्याशिवाय गाडी हलवूसुद्धा नका. ती केबल आतला दाब ठरवते. ढिली राहिली तर क्लच काही मैलांत जळतात.

पुढचा पट्टा आणि पाणी

एलएसच्या पुलींची खोली तीन प्रकारची असते. कॉर्व्हेटची ब्लॉकला सगळ्यात जवळ, १९९८ ते २००२ च्या कमारोची त्याच्या पुढे, ट्रकची सगळ्यात पुढे. बॅलन्सर (क्रँकच्या पुढच्या टोकावरची पुली), वॉटर पंप आणि ब्रॅकेट एकाच प्रकारचे हवेत, नाहीतर पट्टा तिरका धावून उडतो. ट्रकचा एसी कॉम्प्रेसर उजवीकडे खाली असतो आणि जुन्या चॅसीला लागतो. वरच्या बाजूचा ब्रॅकेट घ्या, चॅसीला खाच पाडू नका.

बॅलन्सर काढला तर क्रँकचा बोल्ट नवाच लागतो. जुन्या बोल्टने २४० पौंड-फुटांवर बॅलन्सर बसवून घ्या, तो काढा, मग नवा बोल्ट ३७ पौंड-फूट अधिक १४० अंश.

पाण्याच्या बाबतीत जुन्या इंजिनाची सवय इथे दगा देते. एलएसचा थर्मोस्टॅट पाणी इंजिनात शिरते त्या बाजूला असतो. तो उघडण्यासाठी गरम पाणी हीटरच्या वाटेने फिरत राहावे लागते. गाडीत हीटर नसेल तर पंपाची हीटरची दोन तोंडे एकमेकांना होजने जोडा, बुच मारू नका. बुच मारले तर थर्मोस्टॅटपाशी थंड पाणी अडकून राहते, इंजिन तापत जाते, मग तो एकदम उघडतो, आणि काटा वर-खाली नाचत राहतो.

हेडच्या पुढच्या कोपऱ्यांतून वाफेची नळी निघते. ती रेडिएटरच्या वरच्या भागात किंवा विस्तार टाकीत न्या. मागची दोन भोके बंद असली तर चालते, पुढची बंद करू नका. हेडमध्ये हवा साचते आणि तिथेच गॅस्केट जाते. ट्रकच्या पंपाच्या दोन्ही मोठ्या होज उजवीकडे निघतात, वरचा सव्वा इंच आणि खालचा दीड इंच. रेडिएटर त्यानुसार निवडा. १८७ फॅरनहाइटचा थर्मोस्टॅट असेल तर पहिला पंखा २०५ च्या आसपास चालू व्हावा. त्याखाली ठेवला तर तो थांबतच नाही.

इंधन

कार्बोरेटरला ५ ते ७ पीएसआय पुरत असे; एलएसला ५८ पीएसआय लागतात. म्हणजे जुना पंप, जुने रबर, जुने क्लँप सगळे बाद. होज इंधन-इंजेक्शनच्या दर्जाचाच हवा. साधा कार्बोरेटरचा होज काही दिवस टिकतो आणि मग गरम हेडरवर फुटतो.

पंप टाकीत बसवा, ताशी २५५ लिटरचा, आडव्या भिंती असलेल्या टाकीत. बाहेर बसवलेला पंप गोंगाट करतो, उन्हात गरम होतो, आणि टाकी पाऊण रिकामी असताना वळणावर हवा ओढतो. त्याच्या मागे टाकीजवळ १९९९ ते २००३ च्या कॉर्व्हेटचा फिल्टर लावला की काम सोपे होते, कारण ५८ पीएसआयचा रेग्युलेटर त्याच्या आतच असतो. एका बाजूला दोन तोंडे, पंपाकडून येणारे आणि टाकीला परत जाणारे. दुसऱ्या बाजूला एक, इंजिनाकडे. इंजिनाकडे ३/८ इंचाची एकच नळी न्यावी लागते. पंपाची वीज रिलेमधून, बॅटरीवरून थेट जाड वायरने द्या. १९६९ च्या हार्नेसवर हा भार टाकू नका.

वायरिंग

स्वतंत्र हार्नेस (इंजिनाच्या वायरींचा तयार संच) घेतला तर खरे जोडकाम थोडेच उरते: बॅटरीचा कायमचा १२ व्होल्ट, चावीचा १२ व्होल्ट, पंपाचा रिले, पंखे आणि अर्थिंग. अडचण चावीच्या वायरमध्ये आहे. जुन्या शेवरोलेत कॉइलकडे जाणारी वायर मुद्दाम रोधाची असते, जुन्या इग्निशनचे पॉइंट जळू नयेत म्हणून. कॉम्प्युटर तिच्यावर जोडला तर त्याला अपुरा व्होल्टेज मिळतो. दुसरीकडे, रेडिओच्या सर्किटची वीज स्टार्टर फिरताना तुटते. चावी 'चालू' आणि 'स्टार्ट' या दोन्ही जागी पूर्ण १२ व्होल्ट देणारा बिंदू मीटरने शोधा. इंजिन फिरते पण पेट घेत नाही, या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच असते.

अर्थ दोन्ही हेडच्या मागच्या बाजूला, रंग खरवडून. शिवाय ब्लॉक ते चॅसी आणि ब्लॉक ते बॉडी अशा जाड पट्ट्या वेगळ्या, कारण माउंट रबरी आहेत. अल्टरनेटर १०० अँपिअरच्या पुढचा असतो, मूळ वायर तेवढी सोसत नाही. ४ गेजची वायर फ्यूजसह बॅटरीपर्यंत ओढा. अल्टरनेटरच्या एल पिनला थेट १२ व्होल्ट देऊ नका, आतला रेग्युलेटर जळतो. ती कॉम्प्युटरला जोडा, किंवा मध्ये दिवा वा ४७० ओहमचा रोध घाला.

ट्यूनमध्ये चोरीविरोधी कुलूप काढायला विसरू नका. ते असले तर इंजिन चालू होऊन एक-दोन सेकंदांत मरते आणि सगळे पंप तपासत बसतात. कॉम्प्युटर बदलला असेल तर स्कॅनरने क्रँक सेन्सरचे रिलर्न करून घ्या. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर पेडल, थ्रॉटल बॉडी आणि तिसऱ्या पिढीत त्यांचे वेगळे मॉड्यूल एकाच गाडीतून उचला.

मूळ मीटर ठेवायचे असतील तर तापमानाचा जुना सेंडर उजव्या हेडच्या मागच्या भोकात अ‍ॅडॉप्टरने बसतो. टॅकोमीटर निम्मा आकडा दाखवतो, कारण कॉम्प्युटर चार सिलिंडरचा सिग्नल देतो; तो ट्यूनमधून बदलता येतो. सिग्नल क्षीण पडत असेल तर १२ व्होल्टपासून पुल-अप रोध द्या.

ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्ट पाइपच्या वरच्या अर्ध्यात, तिरपे बसवा. खाली तोंड करून बसवलेल्यात पाणी साचते आणि आतले सिरॅमिक तडकते. सेन्सरच्या आधी पाइप गळत असेल तर बाहेरची हवा आत जाते, कॉम्प्युटरला मिश्रण पातळ वाटते आणि तो उगाच पेट्रोल वाढवतो.

फोर्ड, मोपार आणि कायदा

फोर्डची ५.० लिटर कोयोटी २०११ च्या मस्टँगमध्ये आली. चार कॅमशाफ्टमुळे ती फार रुंद आहे. १९६४ ते ७० च्या मस्टँगमध्ये शॉक टॉवर कापून पुढचे सस्पेन्शन बदलल्याशिवाय ती बसत नाही, हे धरूनच बजेट करा. या इंजिनाला हायड्रॉलिक स्टिअरिंग पंपाची जागा नाही, कारण मूळ गाडीत इलेक्ट्रिक स्टिअरिंग होते.

डॉजची आधुनिक हेमी २००३ मध्ये रॅम ट्रकमध्ये ५.७ लिटरची म्हणून आली. तिची बेल हाउसिंगची भोके जुन्या एलए स्मॉल ब्लॉकशी जुळतात, पण क्रँकला सहाऐवजी आठ बोल्ट आहेत, म्हणून फ्लेक्सप्लेट खास लागते. जुन्या मोपारमधला अँपिअर मीटर बायपास करा. गाडीचा सगळा करंट त्यातून जातो, आणि आधुनिक अल्टरनेटरच्या करंटने त्याची टर्मिनल वितळतात.

कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धूर चाचणी नाही. १९७६ ची किंवा त्यानंतरची पाँटियाक ट्रान्स अ‍ॅम असेल तर इंजिन गाडीच्याच वर्षाचे किंवा नंतरचे हवे, त्याच वजनवर्गातल्या गाडीचे हवे, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बाष्प यंत्रणेसह, इंजिन ज्या गाडीतून आले तिच्यातले प्रदूषण रोखणारे सगळे भाग लावून रेफरीकडे, म्हणजे राज्याच्या खास तपासणी केंद्रात, तपासून घ्यावे लागते. जड ट्रकचे ६.० इथे नापास होते. शेवरोलेचे ई-रॉड पॅकेज याच कामासाठी बनवले गेले.

पहिला स्टार्ट

डाव्या बाजूला पुढे ब्लॉकमध्ये एम१६ आट्यांचा गॅलरी प्लग आहे. तिथून दाबाने तेल भरा, म्हणजे पंप कोरडा फिरणार नाही. मग स्पार्क प्लग काढून, इंधन पंप आणि इंजेक्टरचे फ्यूज उपसून, तेलाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत स्टार्टर फिरवा. एका वेळी दहा सेकंदांहून जास्त नको. फ्यूज परत लावून चावी तीन-चारदा चालू-बंद करा. प्रत्येक वेळी पंप दोन सेकंद चालतो, तेवढ्यात प्रत्येक जोडावर टॉर्च मारून गळती बघा आणि ५८ पीएसआय आले का ते पाहा.

इंजिन चालू झाल्यावर आधी तेलाच्या दाबाकडे लक्ष द्या. गरम इंजिनात जीएमची किमान मर्यादा १,००० आरपीएमला ६, २,००० ला १८ आणि ४,००० ला २४ पीएसआय आहे. निरोगी इंजिन याच्या खूप वर असते. आयडलला दाब दहाच्या खाली घसरत असेल तर बंद करा आणि पिकअपची ओ-रिंग पाहा. रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून गाडीचे नाक वर करून हवा निघू द्या. पहिल्या ५० मैलांनंतर हेडरचे बोल्ट, माउंट, प्रोपेलर शाफ्ट आणि इंधनाचे जोड पुन्हा आवळा. अ‍ॅल्युमिनियम ब्लॉक टाकला असेल तर नाक वर आलेले दिसेल. पुढच्या स्प्रिंगा बदलून व्हील अलाइनमेंट मग करा. आधी केलेली वाया जाते.